बावीस वर्षांच्या नोकरीनंतर टीईटी : माझा अनुभव

1 सप्टेंबर 2025. गौरीजेवणाचा दिवस. पुरणाचा घाट चालला होता आणि आमच्या केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपवर एकामागून एक मेसेज पडायला लागले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असलेल्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावं लागणार, नाहीतर सेवा संपणार. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांची नोकरी शाबूत, पण पदोन्नती हवी तर त्यांनाही परीक्षा द्यायचीच. हात धुऊन मी पुन्हा सगळं वाचलं. माझ्या निवृत्तीला चौदा वर्षं आहेत.

मी 2003 ला शिक्षणसेवक म्हणून लागले, महिना तीन हजार मानधनावर. टीईटीची अट आली ती 23 ऑगस्ट 2010 च्या अधिसूचनेनं, आणि राज्यात पहिली टीईटी झाली डिसेंबर 2013 मध्ये. तोवर माझ्या हाताखालून कितीतरी मुलं वाचायला शिकून पुढे गेली होती. त्या रात्री मला राग आला होता, हे लपवत नाही. भीतीही होती. नापास झाले तर वर्गातल्या मुलांना काय सांगायचं, हा विचार पगाराच्या आधी आला.

अर्ज सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू झाले. एका पेपरचे हजार रुपये. खरी अडचण नावाची होती. दहावी आणि डीएडच्या गुणपत्रिका माहेरच्या नावाच्या, आधार सासरच्या नावाचं. विवाह नोंदणीचा दाखला शोधण्यात दोन दिवस गेले. भगिनींनो, तो दाखला आधी बाहेर काढून ठेवा, बाकी अर्ज अर्ध्या तासाचं काम आहे.

अभ्यास सुरू केला तेव्हा जाणवलं की वाचायची सवयच गेलीय. पेपर एकमध्ये, म्हणजे पहिली ते पाचवीच्या शिक्षकांच्या पेपरात, दीडशे प्रश्न, अडीच तास. बालमानसशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, पण खुल्या प्रवर्गाला 90 गुण लागतात. आम्ही चौघींनी ठरवलं, शनिवारी सकाळची शाळा सुटली की तासभर थांबायचं. एकीनं गणित, एकीनं इंग्रजी, असं वाटून घेतलं. बालमानसशास्त्र माझ्याकडे आलं.

मुलांचा विचार वयानुसार कसा बदलतो हे मांडणारा मानसशास्त्रज्ञ पियाजे मी डीएडला पाठ केला होता. आता वाचताना मात्र आमच्या दुसरीतली मुलं डोळ्यांसमोर येत होती. एके दिवशी पोषण आहाराच्या वेळी दोन सारखे पेले पाण्यानं सारखेच भरले. त्यातल्या एकातलं पाणी सगळ्यांसमोर उंच, निमुळत्या बाटलीत ओतलं आणि विचारलं, कशात जास्त पाणी आहे? बाटलीत, असं जवळजवळ सगळा वर्ग ओरडला. एक मुलगी तेवढी गप्प होती. ती उठली, बाटलीतलं पाणी स्वतः पुन्हा पेल्यात ओतलं आणि म्हणाली, "बाई, तेच पाणी हाय की."

बावीस वर्षं मी याच वयाच्या मुलांना लिटर-मिलिलिटर फळ्यावर शिकवत आले. मूल कुठं अडतं हे मला दिसायचं, पण का अडतं हे असं समोर मांडून मी कधी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फळा बाजूला ठेवून धारकतेचा सगळा पाठ बादली, मग आणि बाटल्यांवर घेतला.

म्हणून आता माझं म्हणणं असं आहे. दीडशे प्रश्नांतून शिक्षक कसा शिकवतो हे कळत नाही आणि इतक्या वर्षांच्या सेवेचं भवितव्य त्यावर टांगू नये, हे मी आजही ठामपणे म्हणते. पण हा अभ्यास व्हायला हवा होता, आणि फार आधी. दर महिन्याला केंद्रात शिक्षण परिषद भरते. तिथं माहिती भरण्याच्या सूचनांत वेळ जातो. त्यातला एक तास जरी अशा वाचनाला दिला असता, तर गौरीच्या दिवशी आमची ही अवस्था झाली नसती. शासनानं निदान येत्या दोन वर्षांत सेवेतल्या शिक्षकांसाठी तालुक्याच्या ठिकाणी मार्गदर्शन वर्ग घ्यावेत. अभ्यासाला घरी वेळच न मिळणाऱ्या कितीतरी शिक्षिका माझ्या ओळखीच्या आहेत.

दिवाळीची सुट्टी जुने पेपर सोडवण्यात गेली. लेक घड्याळ लावून समोर बसायची. 23 नोव्हेंबरला, रविवारी, साडेदहाचा पेपर. राज्यभरातून पावणेपाच लाखांच्या आसपास अर्ज होते. परीक्षा केंद्राबाहेर माझ्या वयाच्या कितीतरी जणी दिसल्या, आणि त्यांच्यात मीच पूर्वी शिकवलेला एक मुलगाही, डीएड करून पहिल्यांदा टीईटीला बसलेला. त्यानं वाकून नमस्कार केला. आत पहिला गोल काळा करताना हात थरथरत होता. मराठीचा भाग आला तेव्हा स्थिरावला. गणितानं वेळ खाल्ला, शेवटचे सहा प्रश्न अंदाजानं सोडवले.

उत्तरसूची लावून बघितली, माझे 96 जमतायत. आमच्यातल्या दोघी यावेळी राहिल्या असं दिसतंय. शनिवारची बैठक आम्ही बंद केलेली नाही. येत्या शनिवारी अपूर्णांक घ्यायचेत, आणि शेजारच्या शाळेतल्या आणखी तिघी येतो म्हणाल्यात.