नावे हरवलेली बटणे

सोमवार, रात्री

गेले काही दिवस मनात घोळत असलेली एक गोष्ट आज लिहून काढते. अपंग व्यक्तींच्या सोयींविषयी कुठेही चर्चा निघाली की बहुतेक बोलणे त्या सोयी उभारण्याविषयी होते. रॅम्प बांधला, लिफ्टच्या बटणांशेजारी ब्रेल बसवले, संकेतस्थळ स्क्रीन रीडरला वाचता येईल असे केले. या कामांचे मोल मला पुरेपूर ठाऊक आहे, कारण माझा प्रत्येक दिवस त्यांच्याच आधारावर पार पडतो. तरीही एकटीने सर्वत्र फिरणारी अंध स्त्री म्हणून मला दिसते ते असे, की जिथे सोय मुळातच नाही तिथे मी आधीपासून काहीतरी दुसरी तजवीज केलेली असते; खरी अडचण होते ती काल असलेली सोय आज मोडलेली, झाकलेली किंवा कोणालाही न विचारता बदललेली असते तिथे. सोय उभारल्याच्या बातम्या होतात. ती राखली जाते की नाही हे मात्र फक्त ती वापरणाऱ्यांनाच कळते.

आज सकाळी पैशांच्या व्यवहाराचे एक अॅप अपडेट झाले. मी स्क्रीनकडे पाहत नाही, स्क्रीन रीडर ती मला वाचून दाखवतो. बोट उजवीकडे सरकवले की तो पुढच्या घटकावर जातो, दोनदा टॅप केले की तो घटक उघडतो. प्रत्येक घटकाचे नाव, प्रकार आणि सध्याची स्थिती तो सांगतो, म्हणजे ‘पाठवा, बटण’ किंवा ‘सूचना, स्विच, चालू’. यातले नाव स्क्रीन रीडर स्वतः ठरवत नाही. अॅप लिहिणाऱ्याने ते प्रोग्रॅममध्ये लिहिलेले असावे लागते. भिंगाचे चित्र पाहून डोळस माणसाला शोधाची जागा कळते. चित्रामागे नाव लिहिलेले नसेल तर माझ्या कानावर फक्त ‘बटण’ हा शब्द पडतो. आज नेमके तेच झाले. नव्या रूपात जुने शब्द जाऊन त्यांच्या जागी चित्रे आली, नावे लिहायची राहिली, आणि बोट सरकवत गेले तशी मला ‘बटण’, ‘बटण’, ‘बटण’ एवढेच ऐकू येत राहिले. त्यांतले कोणते पैसे पाठवते आणि कोणते व्यवहार रद्द करते, हे समजण्याचा कोणताही मार्ग माझ्यापाशी उरला नाही. दुसऱ्या कोणाला बोलावून दाखवणे शक्य होते, पण स्वतःच्या खात्यातली शिल्लक दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचून घ्यावी लागणे हेच तर टळावे म्हणून मी हे अॅप शिकले होते.

हे दुरुस्त करायला फार मोठे काम लागत नाही. एका बटणामागे एक-दोन शब्द लिहायचे असतात. संकेतस्थळांच्या सुगम्यतेची, म्हणजे ती अपंग व्यक्तींनाही वापरता यावीत यासाठीची, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे पहिल्यांदा 1999 साली प्रसिद्ध झाली, आणि चित्राला शब्दांतला पर्याय असावा ही त्यांतली अगदी पहिली मागणी होती. म्हणजे काय करावे हे गेल्या पाव शतकापासून सर्वांना ठाऊक आहे. अॅपची नवी आवृत्ती बाहेर पाठवण्यापूर्वी कोणीतरी एकदा स्क्रीन रीडर चालू करून पहिली स्क्रीन ऐकावी, एवढा नेम ज्यांनी पाळला त्यांच्या अॅपमध्ये असा प्रसंग सहसा येत नाही.

दुपारी बाहेर पडले. पदपथावरच्या उठावदार फरशांची वाट माझ्या नेहमीच्या रस्त्याला लागून आहे. ही कल्पना जपानमधल्या सेइइची मियाके यांची. दृष्टी क्षीण होत चाललेल्या आपल्या मित्रासाठी त्यांनी 1965 मध्ये अशा फरशा तयार केल्या, आणि 1967 मध्ये ओकायामा शहरात, एका अंधशाळेजवळ, त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. आज जगभर पायाखाली येणारी ही भाषा अगदी साधी आहे: लांब उंचवटे म्हणजे पुढे चला, गोल ठिपके म्हणजे सावध व्हा, पुढे रस्ता, जिना किंवा फलाटाची कड आहे. पिवळा रंग अल्पदृष्टी असलेल्यांसाठी, म्हणजे ज्यांना फरशीचा आकार नाही तरी रंगातला फरक दिसतो त्यांच्यासाठी असतो. या वाटेवर मी काठी खांद्यांच्या रुंदीइतकी डावी-उजवी फिरवत चालते; उजवे पाऊल पुढे पडते तेव्हा काठीचे टोक डावीकडे असते, म्हणजे पुढचे पाऊल जिथे पडणार ती जागा काठीने आधीच तपासलेली असते.

आज त्या वाटेच्या मधोमध एक मालवाहू गाडी उभी होती. गाडी उभी करणाऱ्याला वाटत असेल की अंध व्यक्ती काठीने ती ओळखेल आणि वळसा घेईल. काठी जमिनीलगतची जागा तपासते. गाडीची मागची फळी छातीच्या उंचीवर बाहेर आलेली असते, तिच्याखाली पोकळी असते, काठी त्या पोकळीतून निर्धास्त पुढे जाते आणि फळी थेट अंगावर येते. खाली झुकलेल्या फांद्या, भिंतीतून बाहेर आलेल्या खिडक्यांची तावदाने, जिन्याची डोक्यावर येणारी तिरपी खालची बाजू, हे सगळे असेच. आणि वळसा घेतल्यावर पुन्हा त्याच वाटेवर येणे हे डोळस माणसाला वाटते तितके सोपे नाही, कारण दोन पावले बाजूला झाल्यावर दिशेचा अंदाज किंचित बदलतो आणि तो किंचित बदल पुढे रस्त्याच्या मध्यापर्यंत नेऊ शकतो. मला तर मोकळ्या मैदानापेक्षा अर्धवट अडवलेली वाट अधिक धोक्याची वाटते.

याहून वाईट प्रकार खोदकामानंतर होतो. नळ किंवा तारा टाकण्यासाठी पदपथ उकरतात आणि काम झाल्यावर त्याच फरशा परत बसवतात, पण त्यांचा अर्थ माहीत नसल्यामुळे लांब उंचवट्यांची फरशी आडवी बसते, ठिपक्यांची फरशी वाटेच्या मध्यावर येते आणि रस्त्याच्या कडेला, जिथे ती हवीच हवी, तिथे साधी फरशी लागते. पाहणाऱ्याला सगळे पिवळे आणि नीटनेटके दिसते. कामगारांचा यात दोष आहे असे मला वाटत नाही. त्यांना कोणी पाच मिनिटे थांबून सांगितले असते, तर त्यांनी ते काम आनंदाने बरोबर केले असते. माझ्याशी ज्या कामगारांचे आजवर बोलणे झाले, त्यांनी फरशांचा अर्थ कळल्यावर माझ्यापेक्षा जास्त बारकाईने त्यांच्याकडे पाहिले.

संध्याकाळी मैत्रिणीशी फोनवर हेच बोलत होते. ती व्हीलचेअर वापरते. तिने तिच्या बाजूचा अनुभव सांगितला. एक मीटर लांबीच्या अंतरात साधारण आठ सेंटिमीटरहून जास्त चढ नसावा, म्हणजे एकास बाराचे प्रमाण पाळावे, हे रॅम्पचे रूढ गणित आहे; तीस सेंटिमीटरच्या पायरीसाठी किमान 3.6 मीटर लांब रॅम्प लागतो. तिच्या कार्यालयाबाहेरचा रॅम्प या हिशेबाने उत्तम बांधलेला होता. पुढे रस्त्याचे नवे डांबरीकरण झाले, रॅम्पचा पायथा आणि रस्ता यांच्या पातळीत दोन बोटांचा फरक पडला, आणि खुर्चीची पुढची लहान चाके तिथे अडू लागली. कागदोपत्री तो रॅम्प अजूनही नियमाप्रमाणेच आहे. लिफ्टविषयी ती म्हणाली, “अगं, इमारतीत लिफ्ट आहे हे मला कोणी सांगायची गरज नाही. ती आज चालू आहे का, एवढंच निघण्याआधी कळलं तर माझा दिवस वाचेल.” तिच्या या वाक्यावर मी बराच वेळ विचार करत राहिले. लिफ्ट बंद असल्याची चिठ्ठी लिफ्टच्याच दारावर लावतात. तिला ती चिठ्ठी दिसते तोवर सगळा प्रवास होऊन गेलेला असतो. मला तर ती दिसतही नाही.

आमच्या दोघींच्या गरजा नेहमी जुळतात असे मात्र नाही, आणि हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तिला पदपथाची कड रस्त्याशी अगदी सपाट मिसळलेली हवी असते. मला मात्र तीच कड पायाला लागली की रस्ता सुरू झाल्याचे कळते. ती नाहीशी झाली तर मी नकळत वाहनांमध्ये चालत जाईन. म्हणूनच उतरत्या कडेवर ठिपक्यांच्या फरशा लावतात: तिचे चाक अडत नाही आणि माझ्या पायाला इशारा मिळतो. ही तडजोड कोण्या एकाला टेबलाशी बसून सुचण्यासारखी नाही. वेगवेगळ्या अपंगत्वाची माणसे एकत्र बसली की अशी उत्तरे निघतात, आणि कर्णबधिर मित्रमंडळी सोबत असली तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते, की केवळ ऐकू येणारी घोषणा आणि केवळ दिसणारा फलक या दोन्ही अर्ध्याच सोयी आहेत.

अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार 13 डिसेंबर 2006 रोजी संमत झाला. त्याच्या नवव्या कलमात सुगम्यतेचे किमान निकष तयार करून जाहीर करण्याबरोबरच त्यांच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्याचीही जबाबदारी राष्ट्रांवर टाकलेली आहे. देखरेखीचा हा भाग मला कराराचा कणा वाटतो, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते.

सोय राखण्याचे काम बहुतेक वेळा आम्हीच केले आहे, हे इतिहासातही दिसते. लुई ब्रेल यांनी सहा ठिपक्यांची लिपी किशोरवयातच तयार केली आणि 1829 मध्ये ती प्रसिद्ध केली. पुढे ते ज्या पॅरिसच्या शाळेत शिकवत, तिथल्या एका संचालकांनी काही काळ या लिपीला मनाई केली, कारण डोळस शिक्षकांना वाचता येतील अशी उठावाची नेहमीची अक्षरेच त्यांना योग्य वाटत होती. विद्यार्थ्यांनी मात्र ती सोडली नाही; ते आपसांत त्याच लिपीत लिहीत आणि वाचत राहिले. ब्रेल 1852 मध्ये वारले आणि 1854 मध्ये शाळेने ती लिपी अधिकृतपणे स्वीकारली. मधल्या वर्षांत ती जिवंत राहिली ती मुलांच्या बोटांवर. आपल्याकडच्या भाषांसाठी ठरलेली भारती ब्रेलही त्याच सहा ठिपक्यांवर उभी आहे, आणि जुन्या ब्रेल पुस्तकावर बोट फिरवताना ठिपके वापराने दबलेले लागतात, तेव्हा ब्रेललाही निगा लागते हे मला दर वेळी नव्याने जाणवते.

आजच्या काळातही तेच चालू आहे. संगणकावर मी वापरते तो एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर 2006 मध्ये मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने सुरू केला, जेम्स टेह हे त्यांचे अंध सहकारी त्यांना येऊन मिळाले, आणि त्याची अनेक भाषांतली रूपांतरे जगभरातल्या स्वयंसेवकांनी केली आहेत. फोनवर एकमेकींना मदत करणाऱ्या आम्हा अंध आणि अल्पदृष्टी बायकांचा गट त्या मानाने अगदी लहान आहे, पण रीत तीच. रात्रीच्या गटाच्या फोनवर मी सकाळच्या अॅपची तक्रार सांगितली, तेव्हा अल्पदृष्टी असलेल्या एका ताईंनी स्क्रीन कितीतरी पट मोठी करून बटणांचा क्रम आम्हाला डावीकडून सांगितला. आमच्या फोनच्या स्क्रीन रीडरमध्ये निनावी बटणाला आपले आपण नाव देता येते. त्या सांगत गेल्या तशी आम्ही ती नावे भरली, आणि पुन्हा प्रत्येकीने एकेक बटण वाचून खात्री करून घेतली. पुढच्या अपडेटमध्ये ही नावे टिकतील याची शाश्वती नाही, म्हणून अॅपच्या निर्मात्यांना लिहायचे काम मी घेतले. पत्रात राग लिहिला नाही; कोणत्या आवृत्तीत, कोणत्या स्क्रीनवर, कितवे बटण काय ऐकवते आणि काय ऐकवायला हवे, एवढेच लिहिले, कारण दुरुस्ती करणाऱ्याला तेच उपयोगी पडते.

गटात नुकत्याच एक बाई आल्या आहेत. त्यांची दृष्टी अलीकडेच गेली आहे. त्यांनी आज विचारले, की एवढे शिकून घेतले आणि ते उद्या बदलले तर मी काय करायचे? त्यांच्या प्रश्नातली धास्ती मला पूर्ण समजली, आणि ‘होईल सगळे नीट’ असे सांगणे मला खोटे वाटले. मी त्यांना एवढेच सांगितले, की बदलले तर आम्हाला फोन करा, आम्हीही त्याच बदलात अडकलेलो असू, आणि बहुधा कोणाला तरी तोवर वाट सापडलेली असेल. उद्या दुपारी त्या कॉम्प्युटर घेऊन बसणार आहेत. लांबलचक पान पहिल्यापासून ऐकत बसण्याऐवजी ‘एच’ ही कळ दाबून एका शीर्षकावरून दुसऱ्या शीर्षकावर कसे जायचे, तिथपासून सुरुवात करायची ठरली आहे. मैत्रीण तिच्या रॅम्पच्या पायथ्याचे माप घेऊन फोटो पाठवणार आहे, आणि पदपथाच्या फरशांविषयीचे पत्र आम्ही दोघींच्या सहीने देणार आहोत.