टांड एकच, ऋतू तीन

आमच्या घरात टांड एकच आहे. पुण्याकडची मंडळी त्याला माळा म्हणतात, इंदुरात आम्ही टांडच म्हणतो आणि माहेरी गेले की माझी वहिनी त्यावरून हसते. लोकमान्य नगरातलं जुनं घर, दोन खोल्या आणि किचन, वर्षभराचं सगळं सामान त्या एका टांडावर आणि दोन दिवाणांत मावतं, म्हंजे मावत नाही, कोंबतो. त्यामुळे आमच्याकडे घर आवरणं म्हंजे खरं तर अदलाबदल, एक उतरलं की दुसरं चढतं.

नियम आईंचा (सासूबाई). रंगपंचमीची गेर (रंग उडवत निघणारी इंदूरची मिरवणूक) झाली की रजया वर. राजवाड्याची गर्दी पाहून, रंग काढून, दुसऱ्या दिवशी गच्चीवर रजया. कारण तेव्हा ऊन कडक असतं आणि हवा अगदी कोरडी. एखादी गोधडी तेवढी खाली ठेवायची, कारण माळव्यातल्या रात्रीचा भरवसा नाही.

गेल्या वर्षी मी हे केलं नाही. आधी मुलाची परीक्षा, मग नात्यातलं लग्न, असं करत करत जून आला. आणि मी ऑनलाइन त्या हवा काढायच्या पिशव्या मागवल्या होत्या, व्हॅक्यूमवाल्या, त्यामुळे मला वाटलं काय घाई आहे. पहिला पाऊस पडून गेल्यावर एका दुपारी तिन्ही रजया पिशवीत घातल्या, पंपाने हवा ओढली, पापडासारख्या चपट्या झाल्या. केवढी जागा वाचली! आईंना बोलावून दाखवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, कापूस आहे तो, त्याला गुदमरेल." मी मनात हसले.

नोव्हेंबरात उघडल्या तर कुबट वास, खोळीवर काळे ठिपके, आणि कापूस फुगेचना, जागोजागी गोळे. पिंजाऱ्याकडे नेल्या तर त्याने नुसतं नाकाशी धरलं आणि विचारलं, "दीदी, बारिश में बंद करी थी क्या?" एवढ्यावरून ओळखलं हो! नंतर डोक्यात प्रकाश पडला की पिशवीतून हवा निघते, ओल नाही निघत. पावसाळी हवेतली ओल कापसाने आधीच ओढून घेतलेली आणि मी ती सीलबंद करून पाच महिने ठेवली. पिशव्या वाईट नाहीत, ॲक्रिलिकचे स्वेटर त्यात मस्त राहिले. पण रजईला आईंचं बोचकंच बरं, जुन्या सुती लुगड्याचं, चार गाठी मारलेलं, आणि गाठीला सेफ्टी पिनने चिठ्ठी, "डबल २, सिंगल १, लोकरी मोजे".

लोकरीचं वेगळं. कसर लागते ती मुख्यतः मळक्या लोकरीला, घामाचा नाहीतर वरणाचा डाग असेल तिथेच भोकं पडतात, म्हणून धुऊन खडखडीत वाळवल्याशिवाय पेटीत नाही. डांबरगोळ्या मी बंद केल्यात. भाचा झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की तान्ह्या बाळाच्या कपड्यांत अजिबात नको, काही मुलांना त्या वासानेसुद्धा रक्ताचा त्रास होतो. तेव्हापासून नाहीच.

एप्रिलात गहू. छावणीच्या मंडीतून वर्षाचा येतो, पोळीला लोकवन आणि थोडा शरबती. दोन दिवस गच्चीवर ऊन, आणि मग (हे मला लग्नानंतर कळलं) लगेच कोठीत भरायचा नाही. गरम गहू भरला तर आत घाम धरतो आणि टोके होतात. रात्रभर खाली पसरून गार करायचा, मग हाताला एरंडेल लावून चोळायचा, इतकंच की दाणा चमकेल पण चिकटणार नाही. कडुलिंबाचा पाला घालायचा तर पार सुकवलेला, ओला घातलात तर घरचीच ओल आत. माझे हात त्या दिवशी इतके तुळतुळीत होतात की फोनसुद्धा धरवत नाही.

पावसाळ्यात मी काहीच वर चढवत नाही आणि काहीच बांधत नाही. लाकडी कपाटाचं दार फुगून अडकतं ते तसंच अडकू देते. मुलाच्या कॅनव्हासच्या बुटांत पेपरचे बोळे. बास.

खरी मजा ऑक्टोबरच्या उन्हात. दिवाळीची सफाई तेव्हाच काढायची, कारण चार महिन्यांची ओल निघते. पुस्तकं, गाद्या, पेट्या सगळं गच्चीवर. माहेश्वरी साड्या मात्र सावलीतच, उन्हात रंग उतरतो, आणि घडी बदलून ठेवायच्या, नाहीतर त्याच रेघेवर जर तुटते. महालक्ष्म्यांचे मुखवटे आधीच कोरडे पुसून मलमलीत गुंडाळलेले असतात, ते टांडाच्या आतल्या कोपऱ्यात, त्यांच्यावर काही ठेवायचं नाही.

आणि कूलर! पाणी काढलं की झालं असं समजू नका. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी असली तरी कितीतरी महिने जिवंत राहतात, पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरलं की तयार. ब्रशने घासायची, उन्हात ठेवायची, मग झाकायची. जाळीतली घास (गवत) दरवर्षी नवी, पंप पुसून डब्यात, डब्यावर नाव.

यंदा रजया वेळेत बांधल्या, चिठ्ठ्यासकट. गहूही भरला. टांडावर फक्त एक बोचकं राहिलंय, चिठ्ठी गळून पडलेलं, आत काय आहे हे मला आठवत नाही, आईंनाही नाही. मी स्टूल आणून उतरवायला गेले तर त्या म्हणाल्या, "राहू दे गं आता, दिवाळीला बघू."