तुम्ही विचारलंत म्हणून: लोक एवढं बोलतात, तरी टिकता कशा?

हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतोच, कधी ऑफिसात, कधी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मासळी घेता घेता. "मराठी असून ख्रिश्चन कशा? आणि लोक एवढं बोलतात, तरी टिकता कशा?" तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

पहिल्याचं उत्तर सोपंय. आम्ही मूळचे नगरचे, तिथे अमेरिकन मराठी मिशन 1831 ला आलं, त्यानंतर कधीतरी आमचे खापरपणजोबा ख्रिस्ती विश्वासात आले, आणि मी घरात पेटीवर रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं ऐकत मोठी झाले. नवऱ्याच्या नोकरीपायी गोव्यात आलो तर इथे वेगळीच गंमत, शंभरातले 25 लोक ख्रिश्चन, पण मराठी म्हणजे हिंदू आणि ख्रिश्चन म्हणजे कोकणी बोलणारा कॅथलिक हा हिशोब पक्का, त्यामुळे एक शेजारीण विचारते तुमची पॅरिश कुठली आणि दुसरी विचारते गणपती का नाही बसवत. इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण मराठी ओव्यांत आहे आणि 1616 ला इथेच राशोलला छापलं गेलं, हे सांगितलं की दोघीही माझ्याकडे संशयाने बघतात.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र मला लाज वाटते, कारण मी टिकलेच नाही.

दर बुधवारी आमच्याकडे आठ-दहा जण प्रार्थनेला जमायचे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका बुधवारी चार पोरं वर आली, मोबाईल चालू ठेवूनच. आधी दाराबाहेरच्या चपला मोजल्या, मग आत येऊन म्हणाले, इथे धर्मांतर चालतं, पैसे किती देता? खरं तर धर्मस्वातंत्र्याचं, घटनेचं कलम 25 मला तोंडपाठ आहे, पण कॅमेरा तोंडासमोर आला की कलम-बिलम काही आठवत नाही. मी पटकन बोलून गेले, "अहो, आम्ही कन्व्हर्ट नाही, आम्ही पिढीजात आहोत!"

आमच्यात तेव्हा सत्तरीची एक ताई होती, म्हणजे वयाने नव्हे हं, सत्तरी तालुक्यातली. चार घरची धुणीभांडी करते, वर्षभरापूर्वीच बाप्तिस्मा घेतलेला. पोरांची नजर लगेच तिच्याकडे वळली. मी स्वतःला सोडवलं आणि तिला पुढे केलं, सरळ हिशोब आहे. ती पदर नीट करत एवढंच म्हणाली, "हांव आपल्या मनान येतां. पैशे कोण दिता? दुदाचें बील म्हजें म्हाकाच भरचें पडटा." पोरं थोडा वेळ आरडाओरडा करून गेली. दुसऱ्या दिवशी घरमालकाने हात जोडले, वहिनी, इथे नको ते.

येशूला पकडून नेलं तेव्हा त्याच्याच शिष्याने, पेत्राने, शेकोटीपाशी "मी त्याला ओळखत नाही" म्हटलं, ती गोष्ट संडे स्कूलला मी कितीदा शिकवलीय! त्याच्यासमोर तरी कोण होतं, एक दासी. माझ्यासमोर विशीतली पोरं.

तेव्हापासून एक गोष्ट लक्षात यायला लागली. कोणी गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांच्या काळातलं चर्चचं धर्मन्यायालय, काढलं की मी म्हणायचे, ते पोर्तुगीज कॅथलिक, आम्ही प्रोटेस्टंट, आमचा काय संबंध. पण ते 1560 ला सुरू झालं, मधली थोडी वर्षं सोडली तर 1812 पर्यंत चाललं, आणि इथल्या लोकांची देवळं त्याच्याही आधीपासून पाडली गेली होती, तो राग खोटा नाही. आणि "ते आम्ही नव्हे" हे तेच वाक्य आहे जे मी त्या दिवशी ताईसमोर बोलले. आता कोणी विषय काढला तर हो म्हणते, झालं ते वाईट झालं, आणि मी त्याच येशूचं नाव घेते. कधी समोरचा अजून चिडतो. चिडू दे.

प्रार्थना बंद नाही केली, आता दुसऱ्या एकांच्या घरी जमतो. फक्त सगळ्यांना सवय लागलीय, चपला आत घेऊन दाराआड ठेवायच्या, म्हणजे बाहेरून मोजता येत नाहीत. मीसुद्धा आतच ठेवते. ताईशी त्या दिवसाबद्दल अजून बोलायचा धीर झालेला नाही, तिनेही कधी विषय काढला नाही. ती येते, सगळ्यांना सलाम करते, आणि तिची निळी स्लिपर तेवढी उंबऱ्याबाहेर असते.