सौर कुंपणात अर्थिंगचे महत्त्व

सौर कुंपण, म्हणजे जनावरांना रोखण्यासाठी सौरऊर्जेवर विजेचे झटके देणारे तारेचे कुंपण, घेताना बहुतेकांचे लक्ष पॅनेलच्या आकाराकडे असते. माझ्या मते खरी परीक्षा अर्थिंगची, म्हणजे जमिनीत रोवलेल्या सळईने यंत्राची जमिनीशी केलेल्या जोडणीची, असते. पॅनेलवर भारलेल्या 12 व्होल्टच्या बॅटरीतून झटका मशीन काही हजार व्होल्टचे, अत्यंत अल्पकाळ टिकणारे झटके साधारण दर सेकंदाला एकदा तारेत सोडते, त्यामुळे ते वेदनादायक असले तरी सहसा जीवघेणे नसतात. घरातील वीज थेट तारेत सोडणे मात्र प्राणघातकच ठरते. तारेला स्पर्श करणाऱ्याच्या शरीरातून वीज जमिनीत उतरते आणि अर्थिंगच्या सळईमार्गे यंत्राकडे परतते. जमीन कोरडी पडली की हा मार्ग क्षीण होतो आणि महागडे यंत्रही निष्प्रभ ठरते. तारेला टेकलेले ओले गवतही (जे कापण्याचा कंटाळा सर्वांनाच येतो) झटक्याचा जोर कमी करते.