एका वर्षात जाम झालेला दुसरा कॉम्प्रेसर

यंदाच्या मे महिन्यात माझ्याकडे आलेली २००६ सालची वॅगन आर दुरुस्त होऊन परत गेली, तिचा एसी व्यवस्थित चालतो आहे आणि कामाचे पैसेही मिळाले आहेत. तरीही ते प्रकरण डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो आहे.

गाडीचे मालक पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. पत्नीला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागते आणि मिळालेली वेळ भर दुपारची. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा अशा रुग्णाला बंद एसीच्या गाडीतून घरी आणणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. आदल्या उन्हाळ्यात मूळ कॉम्प्रेसर, म्हणजे एसीतला गॅस दाबून फिरवणारा भाग, जाम झाला, म्हणून शहरातल्याच एका गॅरेजात त्यांनी रिकंडिशन केलेला बसवून घेतला. वर्षाच्या आत तोही गेला. एसी सुरू केला की पट्टा किंचाळत असे, रबर जळल्याचा वास येई आणि इंजिन बंद पडे. कॉम्प्रेसरच्या क्लचची पुढची प्लेट हाताने फिरवून पाहिली, ती तसूभरही हलली नाही. त्याच गॅरेजने आणखी एक रिकंडिशन कॉम्प्रेसर बसवून देण्याची तयारी दाखवली होती. काकांनी मला विचारले ते एवढेच : "भाऊ, तुमच्याकडे चांगल्यापैकी जुना मिळेल का?"

आधी यंत्राने गॅस काढून घेतला. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नट ढिला करून तो हवेत सोडून देतात, आणि त्याबद्दल कोणी कोणाला विचारत नाही. या एसीतला आर-१३४ए हा वायू ओझोनला धक्का लावत नसला, तरी उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डाय-ऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक प्रभावी आहे. हे ठाऊक असलेल्या माणसांनीही दहा मिनिटे वाचवण्यासाठी तो उडवून द्यावा, याचा मला मनापासून राग येतो.

कॉम्प्रेसरचा डिस्चार्ज पाइप सोडवला आणि तोंडाशी आलेले तेल पांढऱ्या कापडावर पुसले. कॉम्प्रेसरला वंगण देणारे हे तेल पारदर्शक असायला हवे. कापडावर उमटला तो राखाडी-काळा डाग, आणि कापड उन्हात तिरपे धरल्यावर त्यात बारीक चमकी दिसली. कॉम्प्रेसरच्या आत धातू धातूवर घासला की ही चमकी तयार होते. गॅस तिला आधी त्याची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरमध्ये नेतो, तिथून ओलावा टिपणारा ड्रायर आणि दाब उतरवणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह इथपर्यंत ती पोहोचते. नव्या धाटणीच्या कंडेन्सरच्या चपट्या नळ्यांमध्ये एक मिलिमीटरच्या आसपास रुंदीच्या समांतर वाटा असतात. त्यातली एखादी बुजली, तर फ्लशिंगचे, म्हणजे आतून धुण्याचे, द्रव उरलेल्या मोकळ्या वाटांनी निघून जाते आणि कचरा जागच्या जागी राहतो. म्हणून कॉम्प्रेसर आतून झिजून जाम झाला असेल, तर कंडेन्सर धुवायचा नसतो, बदलायचा असतो. आदल्या वर्षी तो बदलला नव्हता. पहिल्या कॉम्प्रेसरचा चुरा दुसऱ्याच्या वाट्याला आला होता.

नवा कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर, व्हॉल्व्ह, गॅस आणि मजुरी मिळून आकडा २५,००० रुपयांच्या घरात गेला. पंधरा वर्षे झाल्यावर नोंदणीचे नूतनीकरण आणि हरित कर भरून चालवलेल्या गाडीवर एवढा खर्च करावा का, हा प्रश्न काकांना पडणे स्वाभाविक होते. माझ्या भागीदाराचे मत नेहमीचेच : गिऱ्हाईक म्हणते तेवढे करून द्यावे, उगाच शहाणपण सांगू नये. मला ते मान्य नाही. जो कॉम्प्रेसर वर्षभरात मरणार हे मला आजच दिसते आहे, तो बसवून पैसे घेणे मला जमत नाही, आणि तसे मी काकांना स्पष्ट सांगितले. मग त्यांच्यासमोर जुन्या कंडेन्सरची एक नळी हॅक्सॉने कापून दाखवली. आतल्या वाटांच्या तोंडाशी काळ्या चिखलासारखा थर बसला होता. त्यांनी चष्मा वर करून तो तुकडा बराच वेळ निरखला, आणि कामाला होकार दिला.

पण पहिला कॉम्प्रेसर मुळात गेला कशामुळे, याचा उलगडा झाल्याशिवाय नवा बसवण्यात अर्थ नव्हता. काकांनी गाडीची सगळी बिले फाइलला लावून ठेवली होती. ती चाळताना दिसले की कूलिंग कॉइल, म्हणजे गाडीतली हवा गार करणारी जाळी, बदलल्यानंतरच्या प्रत्येक उन्हाळ्यात एक नोंद आहे : गॅस टॉपअप. गॅरेजे निरनिराळी, नोंद तीच. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला याचा अर्थ तो कुठून तरी गळतो आहे. गॅसबरोबर तेल फिरत असते, त्यामुळे गळतीतून तेही थोडे थोडे जाते. शिवाय गॅस अपुरा असला की आत उरलेले तेलसुद्धा कॉम्प्रेसरकडे नीट परतत नाही. वरून नुसता गॅस भरणाऱ्याने थंडावा परत दिला, पण कॉम्प्रेसर उपाशी ठेवला.

कॉइलचे पाइप इंजिनच्या बाजूने जिथे जोडलेले असतात, तिथे तेलाने धरलेल्या धुळीचे जाड किटण होते. पुसून सांधा उघडला. सांधा गच्च ठेवणारी आतली ओ-रिंग साध्या काळ्या रबराची निघाली, दाबून चपटी झालेली, आणि नखाने वाकवताच तुटली. या गॅसला आणि तेलाला टिकणारी एचएनबीआर रबराची रिंग लागते. ती २०-३० रुपयांना मिळते. कॉइल बदलणाऱ्याने हाताशी होती ती रिंग लावली असणार. त्यानंतर टॉपअप करणाऱ्या एकानेही त्या सांध्यावर साबणाचे पाणी टाकून पाहिले नाही.

पुढचे काम मी मला हवे तसे केले. पाइप आणि कॉइल फ्लश करून कोरड्या नायट्रोजनने फुंकून घेतल्या. सगळ्या रिंगा बदलल्या, प्रत्येकीला तेलाचे बोट लावून. एसीचे पीएजी तेल हवेतला ओलावा झपाट्याने शोषते, म्हणून नव्या कॉम्प्रेसरची आणि ड्रायरची बुचे अगदी जोडणीच्या क्षणापर्यंत काढली नाहीत. इंजिन सुरू करण्याआधी क्लचची प्लेट हाताने सावकाश फिरवली, म्हणजे आत साचलेले तेल पुढे सरकते. मग १५० पीएसआय दाबाने नायट्रोजन भरून प्रत्येक सांध्यावर फेस लावला. मग पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून काढला, म्हणजे व्हॅक्यूम, पाऊण तास. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच असल्याने इथे हवेचा दाब थोडा कमी असतो, म्हणून गेजचा काटा पुस्तकातल्या पाऱ्याच्या २९.९ इंचांना पोहोचत नाही, साडेअठ्ठावीसच्या आसपास थांबतो. मुंबईहून आलेले कारागीर यावरून उगाच पंपाला दोष देतात. पंप बंद करून अर्धा तास थांबलो, काटा हलला नाही. गॅस गेज बघून अंदाजाने नव्हे, तर वजनकाट्यावर ग्रॅममध्ये तोलून भरला. बाहेर ४४ अंश असताना लो साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा, दाब ३८ पीएसआय, हाय साइडचा, म्हणजे त्यातून बाहेर पडणाऱ्या गॅसचा, २७०, आणि मधल्या जाळीतून येणारी हवा ११ अंश.

पैसे देताना काकांनी विचारले, "पहिल्याच वर्षी कोणी पाहिले असते, तर किती खर्च आला असता?" मी खरे तेच सांगितले : एक रिंग, व्हॅक्यूम आणि गॅस. त्यांनी त्यावर काही म्हटले नाही. त्या फाइलमधल्या कोणीही त्यांना लुबाडले नव्हते. प्रत्येकाने सांगितलेले काम केले आणि रास्त पैसे घेतले. म्हणूनच हे प्रकरण मला सलते. ८०० रुपयांत थंड हवा मिळते म्हटल्यावर गिऱ्हाईक गळती शोधण्याची मजुरी द्यायला तयार नसते, आणि ती मागण्याचा आग्रह धरणारा कारागीर महागडा ठरतो.

बॉनेटखाली मी एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर गॅसचे वजन, तेलाचा प्रकार आणि तारीख लिहिली आहे. एक शंका मात्र उरते. कूलिंग कॉइल आतून पाहता येत नाही, त्यामुळे तिच्यात चुरा राहिला नाही असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या पाइपात बारीक जाळीची गाळणी बसवली आहे आणि दिवाळीच्या सुमारास गाडी पुन्हा आणायला सांगितली आहे. तेव्हा गॅस काढून ती जाळी उघडून पाहीन. त्या कामाची मजुरी घेणार नाही, हेही काकांना आत्ताच सांगून ठेवले आहे.