काशाची वाटी, पितळी तांब्या आणि माझ्या हायहॅटच्या तीन जोड्या

घरात आता हायहॅटच्या, म्हणजे ड्रमसेटवर पायाने उघडबंद होणाऱ्या दोन झांजांच्या, तीन जोड्या झाल्यात आणि बायको सरळ म्हणते की एवढी भांडी कशाला जमवताय. भांडी म्हणते ते काही अगदीच चूक नाहीये, सांगतो का ते.

मी जळगाव-भुसावळ पट्ट्यात ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो, म्हणजे हळदी, लग्नं, गणपती, नवरात्र, जे मिळेल ते. पहिली जोडी किटसोबतच आलेली, पितळी. दुसरी बी-एट (बी-एट, बी-ट्वेंटी ही झांजेच्या धातूची नावं, पुढे सांगतो). आणि तिसरी यंदा दिवाळीनंतर सेकंडहँड घेतली, बी-ट्वेंटी, हाताने ठोकलेली, डार्क म्हणजे जरा खोल, मऊ आवाजाची, कंपनी कुठली ते जाऊ द्या, पण तिच्यासाठी मी वर्षभर रात्री हेडफोन लावून व्हिडिओ बघितलेत. तिन्ही १४ इंचीच, म्हणजे साइजचा वादच नाही.

आता भांड्यांचं. उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून घासायची काशाची वाटी असते ना, ती बोटांच्या टोकावर उपडी ठेवा आणि चमचा मारा. किती वेळ घुमत राहते बघा. मग पितळी तांब्यावर मारा, टण् करतो आणि गप बसतो. कासं म्हणजे तांबं आणि कथील, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. बी-ट्वेंटीमध्ये शंभरात २० भाग कथील, बाकी तांबं, म्हणजे जवळजवळ आपलं कासंच झालं की! बी-एटमध्ये कथील फक्त ८ टक्के, त्यामुळे त्याची शीट लाटून गोल कापता येते आणि भाव खाली येतो. आणि काशाची थाळी हातातून पडली की तडकते, मग कायमची बद्द वाजते, तसंच बी-ट्वेंटीचं, केसाएवढी चीर गेली की संपलं, म्हणून सेकंडहँड घेताना कडेवरून नख फिरवून बघायचं, मी बॅटरी लावून बघितलं होतं आणि विकणारा वैतागला होता.

पण बी-एट म्हणजे गरिबाचं असं समजू नका हां. पाइस्टे कंपनीची '२००२' नावाची सिरीज १९७१ मधली, ती बी-एटचीच आहे आणि किंमत ऐकून घाम फुटतो.

तर आवाज. घरात, खोलीचं दार लावून, तिन्ही जोड्या एकाच स्टँडवर एकाच स्टिकने वाजवल्या. पितळी जोडी बंद असताना बरी वाटते, टिक टिक येतं, पण अर्धी उघडली की डब्याचं झाकण हलल्यासारखं खडखडतं, आणि हळू वाजवा की जोरात, आवाज तोच, फक्त लहान-मोठा. बी-एट उजळ, टोकदार, जरा कर्कश म्हणा, कानात सुई गेल्यासारखी, तासभर एकट्याने वाजवली तर डोकं उठतं. आणि ती तिसरी, काय सांगू भो, स्टिकचं टोक नुसतं टेकवलं तरी वेगळं बोलते, दांडा मारला की वेगळं, उघडली की रेशमी साडी सळसळल्यासारखी पसरते. मी त्या रात्री अडीच वाजेपर्यंत वाजवत बसलो, शेवटी वरून आईने पाय आपटला.

मग ती घेऊन गेलो चोपड्याकडच्या एका हळदीला. मोकळं शेत, शेजारी केळीची बाग, समोर बासच्या पेट्यांची भिंत आणि अहिराणी गाण्यांची फर्माईश. तिसऱ्या गाण्याला कीबोर्डवाला मागे वळून ओरडला, "हॅटचा आवाज येस नही भो!" माझे हात चालू, पाय चालू, आणि बाहेर काहीच नाही. साउंडवाल्याकडे ड्रमसाठी माइक दोनच, एक किकला (पायाने वाजतो तो मोठा ड्रम) आणि एक स्नेअरला (समोरचा कडक वाजणारा छोटा ड्रम), हॅटला कोण देतंय? इंटरव्हलला बी-एटची जोडी चढवली, झालं, पार मांडवाच्या टोकापर्यंत टिकटिक पोचली. घरात जो कर्कशपणा डोकं खात होता तोच मैदानात कामाला आला. हेडफोनमधला आवाज ऐकून हॅट घेणं म्हणजे फोटो बघून वांगी घेणं, भरताला चालतील की नाही ते हातात घेतल्यावरच कळतं.

अजून एक गोष्ट त्याच रात्री कळली, आणि खरं तर हीच आधी कळायला पाहिजे होती. डार्क जोडीचा चिक, म्हणजे पायाने पेडल दाबून झांजा मिटल्या की येतो तो आवाज, तो पण मेलेला होता, नुसतं फुस्स. मला वाटलं फसलो. पण चूक माझीच, दोन्ही झांजा एकमेकींवर इतक्या सपाट बसत होत्या की मधली हवा अडकायची. स्टँडवर खालच्या झांजेच्या बैठकीला एक छोटा स्क्रू असतो, तो आवळून खालची झांज जराशी कलती केली आणि चिक एकदम खणखणीत! सात वर्षं वाजवतोय, त्या स्क्रूला कधी हात लावला नव्हता. याच हवेसाठी झिल्जियन कंपनीच्या क्विक बीट हॅटमध्ये खालच्या झांजेला भोकं आहेत आणि पाइस्टेच्या साउंड एजमध्ये खालची कड लाटांसारखी वळवलीय.

(बाय द वे, झिल्जियन १६२३ पासूनची, इस्तंबूलची, तुर्कीत झिल म्हणजे झांज. पुढे अमेरिकेत गेली आणि तिथे दोन भावांत बिनसलं, धाकट्याने १९८१ मध्ये कॅनडात सेबियन काढली, नाव पोरांच्या नावांतून जुळवलं, सॅली, बिली, अँडी. भाऊबंदकी काय फक्त आपल्याकडेच शेतीवरून होते असं नाही.)

मग मला चेवच आला. गल्लीतल्या किराणा दुकानात सगळ्या झांजा नेऊन काट्यावर ठेवल्या, दुकानदार म्हणे शेंगदाणे तोलू की हे. डार्कची वरची ९२० ग्रॅम, खालची ११४०. बी-एटची खालची १२६०. वरची हलकी आणि खालची जड, की पायाचा चिक घट्ट येतो, झिल्जियनच्या न्यू बीट जोडीचा हिशोब पण हाच. म्हणून मी वर डार्क आणि खाली बी-एट अशी जोडी लावली. शुद्धतावाले नाकं मुरडतील, मुरडू द्या. स्टिकखाली गोडवा राहतो आणि पायाचा चिक मैदानात कापत जातो, गर्दी फारच असेल तर स्टिकचा दांडा कडेवर मारायचा, एवढंच.

गेल्या आठवड्यात धुळ्याला बंद हॉलमध्ये प्रोग्राम होता, तिथे मात्र डार्कची मूळ जोडी लावली आणि पहिल्यांदा मलाच माझा हॅट नीट ऐकू आला, हळू गाण्यात तर गायिका पण मागे बघून हसली, आता ती हॅटला हसली की माझ्या चेहऱ्याला ते माहीत नाही.

मे महिन्यासाठी एक सांगतो, दुपारी लॉनवर सेटिंग करून झांजा उन्हात ठेवून जेवायला जाऊ नका. पंचेचाळीस डिग्रीत त्या तव्यासारख्या तापतात, क्लच (वरची झांज दांडीला धरून ठेवतो तो भाग) फिरवताना माझं बोट चांगलंच भाजलंय.

पितळी जोडी कुणाला शिकायला हवी असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. काशाची वाटी मात्र आईला परत द्यायचीय, तिच्यावर स्टिकचे डाग पडलेत ते आधी चिंचेने घासून काढतो.