कुत्र्याचं गोचिडीचं औषध मांजराला लावू नका

आज दुपारी शेजारच्या वहिनींबरोबर विश्रामबागला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांच्या मनीचं अंग थरथरत होतं, कान फडफडत होते, लाळ गळत होती. कुत्र्याच्या मानेवर सोडायचं गोचिडीचं औषध उरलं होतं, तेच कुणीतरी तिलाही लावलं. पाकिटावर मांजराच्या चित्रावर फुली होती, पण शेंगदाण्याएवढी. कुणाला दिसणार? आणि दुकानदाराने एका शब्दाने सांगायला नको?

अशा बऱ्याच औषधांत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते चालतं. मांजराच्या यकृताला ते नीट पचवता येत नाही आणि परिणाम थेट मज्जासंस्थेवर होतो. याला खास उतारा नाही. झटके थांबवायचे, अंग धुवायचं, सलाईन लावायचं. मनी अजून सलाईनवर आहे.

चुकून लागलंच तर कोमट पाण्याने, भांड्यांच्या लिक्विडने धुवा आणि पाकीट घेऊन लगेच निघा. झटके सुरू असतील तर धुण्यातही वेळ घालवू नका. कुत्र्याला लावलं असेल तर ते वाळेपर्यंत मांजराला लांब ठेवा, ती अंगाला अंग घासतात, चाटतात.

पावसाळ्यात सांगलीत गोचिडी वाढतात, हे औषध घरोघरी येतं. ओळखीत कुणाकडे कुत्रा-मांजर दोन्ही असतील तर त्यांना आजच फोन करा.